दोन प्रवासी, वाहन नाही

आमच्या डॉक्टरांना गाडी चालवता येत नसे. पुण्या-मुंबईत हे सांगितलं तर कुणी मान वर करून बघणार नाही. पण अबू धाबीच्या खलिफा सिटीत, जिथे कोथिंबिरीच्या जुडीसाठीही माणूस आधी गाडीची किल्ली शोधतो, तिथे गाडी न येणारा माणूस म्हणजे पोहता न येणारा कोळी. वर पुन्हा त्यांना त्याची लाज नव्हती. कुणी विचारलं, "डॉक्टर, तुमची गाडी कुठली?" की ते माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हे शेजारी."

ते मला कायम 'शेजारी'च म्हणत. एका व्हिलाचे दोन भाग करून मालकाने भाड्याने दिले होते. खाली डॉक्टर, वहिनी आणि त्यांची मुलगी, वर आम्ही तिघं. फाटक एक, अंगण एक. माझं ऑफिस मुसफ्फाला आणि त्यांचं दातांचं क्लिनिक वाटेवर, त्यामुळे सकाळी ते माझ्या शेजारच्या सीटवर. सात वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर होतो म्हणा ना. पगार रोज नवा विषय.

लायसन्ससाठी त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. इतक्यांदा नापास झाले, की ड्रायव्हिंग स्कूलमधली मंडळी त्यांना घरच्या माणसासारखा चहा विचारू लागली. शिकवणारा खान पेशावरचा. तो कपाळावर हात मारून म्हणे, "डॉक्टर साब, ये गाडी है, घोडा नहीं है. स्टिअरिंग को लगाम के माफिक मत खींचो!" आणि खानाचं खोटं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला की डॉक्टर आधी जिभेने 'टक् टक्' असा आवाज काढत, टाचा आत दाबत, आणि मग गाडी का हलत नाही म्हणून खानाकडेच बघत.

त्याचं कारण माथेरान. डॉक्टर जन्मले तिथे आणि वाढलेही तिथे. गावात मोटारीला मनाई. वडिलांचे दोन घोडे होते. पाहुण्यांना पॉइंट दाखवायचे, सामान वाहायचं, हाच धंदा. डॉक्टर शाळेत घोड्यावरून गेले, तापात दवाखान्यात घोड्यावरून गेले, बारावीचा निकालही घोड्यावर बसूनच ऐकला. पुढे डेंटल कॉलेजला गेले, होस्टेलवर राहिले, आणि इकडे वडिलांचे गुडघे गेले. गड्याशिवाय घोडे कोण सांभाळणार? "दिवाळीत घरी गेलो तर दारात नुसता खुंटा," असं त्यांनी मला एकदा मुसफ्फाच्या वाटेवरच्या ट्रॅफिकमध्ये सांगितलं.  

त्यांच्या क्लिनिकमध्ये सगळ्या मुलखांचे पेशंट. सुदानी, फिलिपिनो, इजिप्तचे, केरळचे, इथले स्थानिक. डॉक्टर सगळ्यांना मराठीत सांगत, "आ करा." तेवढं एकच मराठी त्या सगळ्यांना येत असे. एकदा मॉलमध्ये एक सहा फुटी इजिप्शियन गृहस्थ समोरून आले, डॉक्टरांना बघून थबकले, छातीवर हात ठेवला आणि भर गर्दीत तोंड उघडून म्हणाले, "आ!" डॉक्टरांनीही तिथल्या तिथे मान वाकडी करून आत बघितलं, आणि "माशाल्ला, छान राखलेत," म्हणून पाठ थोपटली. वहिनी दोन दुकानं पुढे निघून गेल्या होत्या. त्या अशा वेळी नेहमी दोन दुकानं पुढे असत.

वहिनी बँकेत. ठाण्याच्या. घर, विमा, मुलीचं शिक्षण, गावची घरपट्टी, सगळं त्यांच्या डोक्यात. डॉक्टरांच्या डोक्यात काय असतं याचा अंदाज त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी सोडून दिला होता. मुलगी कॅनडाला शिकायला गेली तेव्हा विमानतळावरून परतताना वहिनी मागच्या सीटवर म्हणाल्या, "आता आपण दोघंच." डॉक्टर पुढून म्हणाले, "हो ना." त्या दोघांनी त्या वाक्याचे दोन वेगळे अर्थ लावले होते, हे मला फार नंतर कळलं.

घोडीची गोष्ट एका अक्कलदाढेपासून सुरू झाली.

दाढ होती एका स्थानिक गृहस्थाची. त्यांचा विमानतळाच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला घोड्यांचा तबेला होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीचे घोडे. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला वेळ लागतो. त्या वेळात इतर डॉक्टर मोबाइल बघतात. आमच्या डॉक्टरांनी घोड्यांविषयी विचारायला सुरुवात केली. गृहस्थांना उत्तरं द्यायची होती पण जीभ जड झालेली. तेव्हा त्यांनी खुणेनंच सांगितलं, शनिवारी या.

शनिवारी गाडी अर्थातच माझी. बरोबर माझी मुलगी, वय वर्षं दहा. तबेल्यात एकापेक्षा एक देखणे घोडे उभे होते. डॉक्टर त्यांना ओलांडून सरळ शेवटच्या खोलीपाशी गेले. तिथे एक करडी घोडी होती, पांढरी पडत चाललेली, पुढचा एक पाय किंचित उचलून उभी. शर्यतीत स्नायू दुखावला, आता पळणं नाही, वयामुळे शिंगरूही नाही, असं मालकांनी सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "काय बाय?" आमच्या कुलाबा जिल्ह्याकडे लेकीबाळींना 'बाय' म्हणतात तसं. घोडीने कान फिरवला आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. सगळं वजन टाकलं. डॉक्टर वाकले पण हलले नाहीत.

परत येताना मुलीने मला हळूच विचारलं, "बाबा, व्हाय डज ही कीप सेइंग बाय टु द हॉर्स? वी जस्ट केम!"

मग दर शनिवार तिकडेच. डॉक्टर तिला खरारा करत, खूर साफ करत, घामाने निथळत परत येत आणि माझ्या सीटवर गवत सांडत. असं वर्षभर चाललं असेल. मग एके दिवशी मालकांनी तबेला बंद करायचा ठरवलं. मुलं लंडनला, आपलं वय झालं. चांगले घोडे विकले गेले. 'बाय'ला कोण घेणार?

"समबडी विल टेक हर अवे," मालक जमिनीकडे बघत म्हणाले. भला माणूस होता. पण त्या वाक्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळला होता.

डॉक्टर म्हणाले, "मी घेतो."

"हबीबी, टेक हर! खलास! शी इज युवर्स." मालकांना एवढा आनंद झाला की त्यांनी इथल्या रीतीप्रमाणे डॉक्टरांच्या नाकाला नाक लावलं.

डॉक्टर म्हणाले, "थांबा." त्यांनी घोडीचं तोंड उघडलं आणि मोबाइलच्या टॉर्चने आत नीट बघितलं. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात."

"ते बाकीच्यांसाठी," ते म्हणाले. "मी दुसरं काय मोजणार?"

घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं ते अंगणात, कारण आत सांगायचं धैर्य नव्हतं. मी गाडी लावत होतो म्हणून ऐकलं.

"घोडी घेतली."

"कसली?"

"करडी."

वहिनींनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग अंगणाकडे बघितलं, जिथे दोन गाड्यांची जागा होती आणि त्यांची स्वतःची गाडी उभी होती. "बांधणार कुठे? माझ्या पार्किंगमध्ये?"

पुढचे काही आठवडे वहिनी त्यांच्याशी थेट बोलल्या नाहीत. माझ्या मार्फत बोलत. मी जिन्यात दिसलो की, "अहो शेजारी, त्यांना सांगा, आमटी गरम करून घ्या." डॉक्टर तिथेच, चार पावलांवर. ते मला म्हणत, "त्यांना सांगा, घेतली." मुलीचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आर यू ओके? लाइक, मेंटली?" बाबा म्हणाले, "हो गं. तू दात नीट घासतेस ना?"

तबेला रिकामा करायची तारीख जवळ येत होती. आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या क्लिनिकच्या हेड ऑफिसकडून ईमेल आली. पश्चिमेला, रुवैसच्या रिफायनरीपलीकडे समुद्रात एक लहानसं बेट आहे, वस्ती आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, दातांचा डॉक्टर नाही. कुणी जायला तयार आहे का? (बेटाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. "सांगितलंत तर वीकेंडला लोक कूलर घेऊन येतील.") तिथे जायचं म्हणजे अबू धाबीहून अर्धा दिवस गाडी आणि मग फेरी. वारा असला की फेरी बंद. सगळ्या डॉक्टरांनी ती ईमेल वाचून न वाचल्यासारखी केली. आमच्या डॉक्टरांनी एचआरला फोन लावला. फोन स्पीकरवर, माझ्या गाडीत.

एचआरमधली लेबनीज बाई खूश होऊन सांगत होती, "डॉक्टर, अकोमोडेशन इज फुल्ली फर्निश्ड. टू बेडरूम्स."

"कंपाउंड आहे का?"

"येस, बिग कंपाउंड."

"घोडी चालेल?"

"सॉरी?"

"हॉर्स. वन. फीमेल."

बाई मनापासून हसली. "डॉक्टर, यू आर सो फनी! पेट्स आर अलाउड, नो प्रॉब्लेम." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विजयी चेहरा केला आणि ते वाक्य ईमेलवर लिहून द्यायला सांगितलं. तिने दिलंही.

त्या संध्याकाळी वहिनी जिना चढून वर आल्या, आमच्या हिच्यापाशी स्वयंपाकघरात बसल्या. मी बाहेरच्या खोलीत होतो. रडत नव्हत्या, आवाज फक्त सपाट झाला होता. "मी नाही जाणार. माझी नोकरी आहे, आणखी काही वर्षं करायची आहे मला. त्यांना मी अडवणारही नाही. पण मला वाटलं होतं गं, मुलगी मार्गी लागली, आता सकाळचा चहा तरी दोघं बसून पिऊ. एवढ्या वर्षांत तो एक चहा राहिलाय. आणि हे घोडी घेऊन बेटावर चाललेत. लोक दुसरी बाई आणतात, ते तरी सांगता येतं कुणाला!"

आणि नको ते झालं, आमच्या हिला हसू फुटलं. वहिनींनी रागाने बघितलं आणि त्यांनाही फुटलं. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. पण खाली उतरताना वहिनींनी डोळे पुसले, ते हसण्याचे नव्हते.

ठरलं असं, की डॉक्टर जातील, वहिनी खलिफा सिटीत राहतील, महिन्यातून एकदा कुणी तरी कुणाकडे जाईल. आणि निघायच्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "मी धक्क्यापर्यंत येते. फक्त धक्क्यापर्यंत."

फेब्रुवारीतली स्वच्छ सकाळ होती. तबेल्याच्या मालकांनी घोडीसाठी ट्रेलर आणि ड्रायव्हर दिला होता. पुढे तो ट्रेलर, मागे माझी गाडी. डॉक्टर ट्रेलरच्या ड्रायव्हरशेजारी. रुवैसची धुराडी मागे पडली आणि समुद्र दिसू लागला, हिरवट, काचेसारखा. धक्क्यावर फेरी लागलेली होती. तिचा पुढचा लोखंडी दरवाजा खाली पाडून त्याचा उतार केला होता आणि गाड्या एकेक करून आत चालल्या होत्या.

तिकीट तपासणारा केरळचा तरुण होता. त्याने स्क्रीनवर बघितलं, ट्रेलरकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनवर.

"सर, युवर बुकिंग इज टू पॅसेंजर्स. व्हेइकल निल."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "एक मी, एक ती."

"ट्रेलर का बुकिंग किधर है?"

"ट्रेलर येणार नाहीये. ट्रेलर परत जाणार. घोडी येणार."

मी आणि वहिनींनी एकमेकांकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यात गाडी चालवली नाही, त्याला गाडीची जागा बुक करावी लागते हे सुचलंच नव्हतं. त्या तरुणाने वर फोन लावला. गाड्यांची जागा पूर्ण भरली होती. सगळी कागदपत्रं, व्हेटचा दाखला, घोडीचा पासपोर्ट, सगळं जागेवर होतं. नव्हता तो फक्त ट्रेलरचा नंबर. शेवटी उत्तर आलं, की जनावराला कडेला बांधायला जागा आहे, पण चढायचं ते पायी. पुढची फेरी उद्या.

डॉक्टरांनी घोडीला उतरवलं. ती दिमाखात खाली आली, वारा हुंगला, आणि लोखंडी उतारापाशी येऊन थांबली. एक खूर त्यावर ठेवला. ठण्णकन आवाज झाला. खूर मागे घेतला, आणि संपलं. तिने चारी पाय रोवले.

डॉक्टर तिच्या कानाशी लागले. "चल बाय. चल गं माझी बाय. काही नाही ते. लोखंड आहे, लोखंड." तिने कान मागे टाकले. गाजर दाखवलं. गाजर खाल्लं, पाय हलवला नाही. मागून ट्रेलरच्या ड्रायव्हरने हात लावला तर ती अशी मागे सरकली की दोन खलाशी उड्या मारून बाजूला झाले. फेरीचा भोंगा वाजला. घोडी मागच्या पायांवर उठली, डॉक्टर दोरीला लोंबकळत तिच्याबरोबर वर गेले आणि खाली आले. टोपी समुद्रात. वहिनी ओरडल्या, "अहो, सोडा!" त्या आठवड्यांतलं त्यांनी नवऱ्याला थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"सोडली तर कुठे जाईल ती?" डॉक्टर धापा टाकत म्हणाले. त्यांच्या तळहातातून रक्त येत होतं. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. तबेल्याला त्याच सकाळी कुलूप लागलं होतं. मागे जायला जागाच नव्हती.

फेरीवरचे लोक कठड्याशी गर्दी करून बघत होते. कप्तानाचा माणूस घड्याळ दाखवत होता. तेवढ्यात सर्वांत शेवटी चढायच्या एका पिकअपचा दरवाजा उघडला आणि एक म्हातारी स्थानिक बाई काठी टेकत खाली उतरली. अंगावर काळी अबाया, चेहऱ्यावर जुन्या बायका लावतात तो सोनेरी चमकीचा बुरखा, म्हणजे कपाळ-नाक झाकणारा मुखवटा. तिने घोडीकडे बघितलं, उताराकडे बघितलं, डॉक्टरांच्या हाताकडे बघितलं. मग वळून आपल्या दोन थोराड मुलांना काहीतरी सांगितलं.

मुलं म्हणाली, "यम्मा, ला!" आई, नको.

म्हातारीने काठी आपटली. "यल्ला!" चला, आटपा.

पिकअपच्या मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गालिचा होता. कोराकरकरीत, लालभडक, बैठकीच्या खोलीसाठी शहरातून आणलेला. मुलांनी चेहरे पाडून प्लास्टिक फाडलं आणि तो त्या लोखंडी उतारावर अंथरला. धक्क्यापासून फेरीच्या पोटापर्यंत, लग्नात अंथरतात तसा.

घोडीने मान खाली घातली. गालिचा हुंगला. एक खूर ठेवला, आवाज नाही. दुसरा ठेवला. डॉक्टर पुढे उलट्या पावलांनी चालत होते, दोरी सैल, तोंडाने पुटपुटत, "ये बाय, ये, ये." कठड्यावरची माणसं श्वास धरून उभी. अर्ध्या वाटेवर ती थांबली, शेपटी उचलली, आणि त्या कोऱ्या गालिच्यावर सावकाश, मनसोक्त लीद टाकली.

 सगळे म्हातारीकडे बघू लागले. डॉक्टरांचा चेहरा कागदासारखा पांढरा.

आणि म्हातारी हसली. बुरखा हलायला लागला इतकी हसली, काठीवर रेलून, पोट धरून. "माशाल्ला! बरका! बरका!" म्हणाली. तिच्या मुलांनी भाषांतर केलं, की नवी वस्तू घरात यायच्या आधीच बरकत आली. मग काय, सगळी फेरीच हसू लागली, टाळ्या वाजू लागल्या, आणि त्या गोंगाटात घोडी शांतपणे आत चढली. डॉक्टरांनी तिला कडेला बांधलं आणि ते आधी म्हातारीपाशी आले. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी वाकून बुरख्याखालच्या हसऱ्या तोंडात बघितलं आणि मुलांना म्हणाले, "वरचे सगळे गेलेत. खालचे दोन हलतायत. माझा दवाखाना उघडला की पहिला नंबर यांचा."

फेरी सुटली. डॉक्टर घोडीच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि दुसरा हात हलवत होते. उन्हात त्यांचं टक्कल चमकत होतं. ते ठिपक्याएवढे होईपर्यंत वहिनी धक्क्यावरून हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर रुवैसच्या पेट्रोल पंपावर आम्ही चहा घेतला. वहिनी कपात बघत म्हणाल्या, "बघितलात त्यांचा चेहरा? आमच्या लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते हो." मग थोड्या वेळाने, "टोपी मात्र मी आणलेली होती."

त्यानंतर आम्ही बेटावर तीन-चारदा जाऊन आलो. डॉक्टर सकाळी घोडीवरून दवाखान्यात जात. मागच्या गल्लीने, खजुरीच्या बागांच्या कडेने, दुखऱ्या पायाला झेपेल अशा चालीने. तिचा पाय जास्त दुखत असेल त्या दिवशी डॉक्टर खाली उतरून बरोबर चालत. बेटावरच्या एकुलत्या ट्रॅफिक पोलिसाने पहिल्या आठवड्यात त्यांना अडवलं होतं. "लायसन्स?" त्याने गमतीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच्याचसाठी तर घोडी आहे." दवाखान्याच्या मागे लोकांनी आपण होऊन तिच्यासाठी सावली केली होती. जुनी शिडाची कापडं ताणून. पोरांना दातांच्या डॉक्टरची भीती वाटत नसे, कारण नीट 'आ' करणाऱ्याला घोडीवरून फेरी मिळे. म्हातारीला कवळी मिळाली. ती रोज संध्याकाळी येई आणि गाजराचा एक तुकडा घोडीला, एक स्वतःला. कचाकचा चावून दाखवी. गालिचा तिच्या बैठकीत अंथरलेला होता. डागाची जागा ती पाहुण्यांना मुद्दाम दाखवत असे.

वहिनी महिन्याच्या महिन्याला जात, पण घोडीपासून दहा हात लांब. "मी त्यांच्याकडे जाते. तिच्याकडे नाही."

मग गेल्या वर्षी त्या तिकडे गेल्या असताना जोराचा वारा सुटला आणि फेरी बंद झाली. दोन दिवसांनी परत आल्या त्या वेगळ्याच. सरळ आमच्याकडे वर आल्या, पर्स टेबलावर टाकली.

"ती आजारी पडली हो," त्या म्हणाल्या. 'ती' कोण हे विचारावं लागलं नाही. "सकाळी बघतो तर आडवी. पोट फुगलेलं. बेटावर व्हेट नाही. फोनवर व्हेट म्हणाला, तिला आडवं होऊ देऊ नका, चालवत राहा, आतडं मोकळं होईपर्यंत. हे चालवायला लागले. दुपारपर्यंत ह्यांचेच पाय लटपटायला लागले. मी म्हटलं द्या इकडे. म्हणजे मी म्हटलं असं नाही, दोरी हातातून घेतलीच."

"तुम्ही?" आमची ही म्हणाली.

"मी! ती एवढी मोठी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून चालत होती. घामेजलेली. दर थोड्या वेळाने बसायला बघायची आणि मी तिला रागवायचे, अगदी आपल्या पोरीला रागवावं तशी. आणि मग फाटकाशी लोक जमायला लागले. आधी तो पोलीस. मग शाळेतल्या बायका. कोळी. म्हातारीची दोन्ही पोरं. कुणी काही विचारलं नाही, एकेक जण येऊन दोरी घेई, फेरी मारी, पुढच्याला देई. म्हातारी खुर्ची टाकून बसली आणि सगळ्यांवर ओरडत होती. तो भयंकर वारा, डोळ्यांत वाळू, आणि सगळं बेट आमच्या अंगणात गोल गोल चालतंय." त्या थांबल्या. "संध्याकाळी तिने लीद टाकली. अहो, लोकांनी मिठ्या मारल्या एकमेकांना! कुणाच्या मुलाचं लग्न ठरावं तसे. मी त्या पोलिसाच्या गळ्यात पडले, मला नंतर कळलं."

आम्ही हसत होतो. वहिनी मात्र खिडकीबाहेर बघत होत्या, खालच्या पार्किंगकडे.

"इथे मी इतकी वर्षं राहते," त्या म्हणाल्या. "मला ताप आला तर तुम्ही दोघं येता. आणखी कोण येईल, सांगा."

पुढच्या महिन्यात त्यांनी बँकेत राजीनामा दिला.

त्यांना पोचवायला मी गेलो. सामान बरंच होतं, म्हणून गाडी धक्क्यावर लावली आणि फेरीतून त्यांच्याबरोबर पलीकडे गेलो. बेटाच्या धक्क्यावर डॉक्टर घोडीला घेऊन उभे. ती आता जवळजवळ पांढरीच झालेली. टॅक्सीवाला पुढे आला तर डॉक्टरांनी त्याला हातानेच वारलं. मला म्हणाले, "काय शेजारी, हल्ली तुम्हाला सकाळी उशिरा निघता येत असेल." आणि ते बॅगा बांधण्यात गुंतले.

बॅगा, कुकर, मिक्सरचं खोकं, लोणच्याच्या बरण्यांची पिशवी, सगळं घोडीवर चढलं. वर कुणी बसायची जागाच उरली नाही. मग एका बाजूने डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूने वहिनी अशी ती वरात पायी निघाली. मी परतीच्या फेरीत चढून कठड्याशी उभा राहिलो. वहिनींचा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होता.

"अहो, हळू! बरण्या आहेत काचेच्या."

"मी कुठे, ती चालतेय."

"मग तिला सांगा."

"तू सांग. माझं ती कधी ऐकते?"

वहिनी थांबल्या. चपला वाळूत रुतवून टाचा उंच केल्या आणि घोडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. काय ते मला इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. पण घोडीची चाल खरंच मंदावली, आणि तिच्या दोन्ही बाजूंची ती दोन माणसंही मग, काही घाई नसल्यासारखी, तिच्या चालीने चालू लागली.